जात्याचा दगड आणि शहाबादी फरशी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझी सारी नोकरी धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. खडकांचा धडा मी किती वेळा शिकवला असेन याची मोजदाद नाही. खडकांचे प्रकार तीन : अग्निज, स्तरित आणि रूपांतरित. तापलेला शिलारस थंड होऊन बनतो तो अग्निज. गाळाचे थर साचून, दाबले जाऊन बनतो तो स्तरित. उदाहरणं, अनुक्रमे बेसाल्ट आणि चुनखडक. मुलं हे पाठ करायची, परीक्षेत लिहायची आणि गुणही मिळवायची.

एका वर्षी शाळेची सहल येडशीच्या रामलिंगला गेली होती. घाटातून चालताना एक मुलगा थांबला. समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, ह्या डोंगराला तर थर हायेत. एकावर एक, पायऱ्यावानी. मग ह्यो स्तरित खडक की!"

मी म्हणालो, "नाही रे, हा बेसाल्ट. अग्निज."

"मग थर कशाचे?"

गाडी निघायची वेळ झाली होती, मुलं मोजायची होती. मी म्हणालो, "पुस्तकात बघ." ते पुस्तकात नाही हे मला माहीत होतं. त्या मुलाचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि शिक्षकानं उत्तर द्यायचं टाळलं होतं. पुढे पुष्कळ वर्षांनी तोच मुलगा माझ्या दारात आला आणि त्या न दिलेल्या उत्तराची किंमत काय असू शकते ते मला कळलं. ती हकीकत शेवटी सांगतो. आधी उत्तर.

त्यासाठी डोंगरावर जायची गरज नाही. आपल्या जुन्या घरातल्या दोन वस्तू पुरेशा आहेत. एक, आजीचं जातं किंवा पाटा. दुसरी, पायाखालची शहाबादी फरशी. जातं काळ्या पाषाणाचं, म्हणजे बेसाल्टचं, म्हणजेच अग्निज खडकाचं. फरशी चुनखडकाची, म्हणजे स्तरित खडकाची. आपल्या जिल्ह्यातल्या हजारो घरांत हे दोन दगड पिढ्यान्पिढ्या एकमेकांवर नांदत आले आहेत. फरशीवर जातं मांडलेलं असायचं आणि दळणारी बाई त्याच फरशीवर बसलेली असायची.

आता दोघांची जन्मकथा पाहू.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस बाहेर आला. चित्रातल्यासारखा टोकदार ज्वालामुखी, त्याच्या तोंडातून धूर, असा प्रकार बहुतेक ठिकाणी नव्हता. भेगेतून उतू गेलेलं दूध चुलीभोवती पसरावं तसा हा रस सपाट पसरला. त्याचं तापमान ११०० अंश सेल्सियसच्या वर होतं. एक लोट आला, पसरला, थंड झाला. मग काही काळ शांतता. त्यानंतर त्याच्यावर दुसरा लोट. असे एकावर एक लोट साचत गेले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा खडक पसरलेला आहे. महाराष्ट्राची चार पंचमांशाहून अधिक भूमी त्याच्यावर उभी आहे आणि आपला जिल्हा तर जवळजवळ सगळाच.

म्हणजे त्या मुलाला दिसलेले थर खरेच होते. पण ते गाळाचे नव्हते, लाव्ह्याचे होते. युरोपातल्या शास्त्रज्ञांनाही या पायऱ्याच आधी दिसल्या. स्वीडिश भाषेत पायऱ्यांना 'त्रप्पा' म्हणतात, त्यावरून अशा खडकाला 'ट्रॅप' हे नाव पडलं आणि आपला खडक 'डेक्कन ट्रॅप' झाला. तेव्हा थर दिसला की स्तरित म्हणायचं, ही खूण फसवी आहे. प्रश्न विचारायचा तो असा : हा थर ओतला गेला, की साचला?

ओतलेल्या थराची ओळख सोपी आहे. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपानं वर येतात. वरचा भाग लवकर घट्ट होतो, म्हणून बुडबुडे तिथेच अडकतात. त्यामुळे बेसाल्टचा एक थर खालून वर पाहिला, तर मधला भाग भरीव, काळा, टणक असतो आणि माथ्याकडचा भाग जाळीदार. शेतात सापडणाऱ्या गारगोट्या आणि चकाकणारे पांढरे खडे पुष्कळदा याच बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर भरलेली खनिजं असतात. थंड होताना खडक आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. डोंगरकड्यावर खांबासारखे उभे दगड दिसतात ते त्यामुळेच.

आता फरशीकडे वळू. ही येते कर्नाटकातल्या कलबुर्गी, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यातून. शहाबाद हे तिथलं रेल्वेमार्गावरचं गाव, उमरग्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. १९५६ पर्यंत आपला आणि तो जिल्हा एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे हा दगड आपल्याकडे कधी परका वाटला नाही. तो बनला उथळ समुद्राच्या तळाशी. तिथे चुन्याचा अतिशय बारीक गाळ खाली बसत गेला, कणावर कण, थरावर थर. वरच्या ओझ्यानं तो दाबला गेला, त्यातलं पाणी निघून गेलं आणि कणांना कण चिकटून त्याचा दगड झाला. साचताना मध्ये जरा खंड पडला, गाळाचा प्रकार बदलला, की तिथे एक आडवी सांध राहिली. खाणीतला कामगार नेमका त्या सांधेत पहार घालतो आणि इंच-दोन इंच जाडीची सपाट लादी उचलून काढतो. या लाद्या माणसानं कापून सपाट केलेल्या नाहीत. त्यांची पाठ समुद्राच्या तळानंच सपाट केली आहे.

बेसाल्टची अशी लादी निघत नाही. त्याला पाथरवटाची छिन्नी लागते. तो घडवावा लागतो, उलगडत नाही. एक दगड पापुद्र्यांनी सुटतो आणि दुसरा सुटत नाही, हा फरक त्यांच्या जन्मातून आलेला आहे.

घरबसल्या आणखी दोन परीक्षा सांगतो. पहिली ओरखड्याची. लोखंडी खिळा शहाबादी फरशीच्या कोपऱ्यावर जोरानं ओढा, बहुधा पांढरी रेघ उमटेल. तोच खिळा पाट्यावर ओढा. पाट्यावर खिळ्याचीच करडी झिलई उमटेल, पाट्याला काही होणार नाही. चुनखडकातलं मुख्य खनिज कॅल्साइट, ते मऊ. बेसाल्टमधली फेल्डस्पार आणि पायरोक्सिन ही खनिजं कितीतरी कठीण. ती वितळलेल्या रसातून एकमेकांत गुंतत स्फटिक होऊन वाढलेली असतात. रस उघड्यावर लवकर निवाला म्हणून स्फटिक बारीक राहिले, इतके की साध्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. खडीसाखर सावकाश धरते म्हणून तिचे खडे मोठे होतात आणि चिक्कीचा पाक परातीत भराभर निवतो म्हणून त्यात खडे दिसत नाहीत, तसंच हे. हा बारीक आणि घट्ट गुंतलेला दगड धान्य दळूनही सहज झिजत नाही. जात्याला टाकी लावणाऱ्या बाया वर्षा-दोन वर्षांनी दारावर यायच्या आणि तेवढं पुरायचं. शहाबादी दगडाचं जातं केलं असतं, तर भाकरीत रोज कचकच आली असती.

दुसरी परीक्षा आंबटाची. ही तर प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे, फक्त तिला कुणी भूशास्त्र म्हटलं नाही. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस किंवा चिंचेचा कोळ सांडला आणि तसाच राहिला, तर तिथे फिकट, खरबरीत डाग पडतो. तो पुसून जात नाही, कारण तो डाग नसतोच. आम्लानं तिथला चुना खाल्लेला असतो. त्याच घरातल्या पाट्यावर मात्र वर्षानुवर्षं चिंच, कैरी, लिंबू वाटलं जातं आणि पाट्याला त्याचं काही वाटत नाही. भूशास्त्रज्ञ खिशात सौम्य आम्लाची छोटी बाटली ठेवतात आणि दगडावर थेंब टाकून फसफस होते का पाहतात. आपल्या आयाबायांनी तीच परीक्षा स्वयंपाकघरात केलेली आहे.

आता एक प्रश्न. या दोन दगडांत म्हातारा कोण? मी वर्गात विचारलं की सगळी मुलं जात्याकडे हात करायची. काळा, टणक, डोंगराएवढा, तो म्हातारा. फरशी मऊ, ती पोर. प्रत्यक्षात उलट आहे. आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. शहाबादचा चुनखडक ५० कोटी वर्षांहूनही जुना. तो समुद्रात साचत होता तेव्हा जमिनीवर झाडाचं पानही उगवलं नव्हतं. कोट्यवधी वर्षांनी लाव्ह्याचे लोट आले आणि या जुन्या खडकांवर पसरले. कलबुर्गीच्या बाजूला ही काळी चादर संपत जाते, म्हणून तिथे जुना चुनखडक उघडा दिसतो. म्हणजे आपल्या घरात नातवाचं जातं आजोबांच्या पाठीवर मांडलेलं असतं. टणकपणावरून वय ठरत नाही, हे माणसांप्रमाणे दगडांनाही लागू आहे.

हे सगळं गमतीचं वाटेल. पण दगडाचा स्वभाव कधी कधी जिवावर बेततो.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं पाडली. आपल्याकडे सास्तूर, होळी, राजेगाव ही नावं आजही कुणी सहज उच्चारत नाही. सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हा पुष्कळांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "दगडानं मारलं." या वाक्यात तथ्य आहे, पण ते पुरतं नाही. हा भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत मोडणारा नव्हता. मग एवढी हानी का झाली? माणसं झोपेत होती, हे एक कारण. दुसरं आपल्या भिंतींत होतं.

बेसाल्टला उभ्या-आडव्या भेगा असतात. त्यांतून पाणी शिरतं, कोपरे आधी कुजतात आणि खडक कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो. आत उरतो तो गोल गोटा. आपल्या माळरानावर असे गोटे पसरलेले असतात. फुकट मिळणारा दगड हाच, म्हणून गरिबाच्या घराची भिंत याच गोट्यांची. आतून एक रांग, बाहेरून एक रांग, मध्ये भर आणि जोडायला माती. दोन्ही रांगांना आरपार बांधून धरणारा लांब दगड नसायचा. वर माळवदाच्या मातीचं ओझं. गोल दगड गोल दगडावर बसत नाही, नुसता टेकतो. जमीन हलली तेव्हा या भिंती फुटून दोन्ही अंगांना ओघळल्या. तोच बेसाल्ट घडवून, चुन्यात बसवून बांधलेला नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा त्याचा बांध मात्र शतकं उलटली तरी उभा आहे. दगड एकच आहे, फरक तो कसा वापरला याचा. भूकंपानंतर घरबांधणीची जी मार्गदर्शक पत्रकं निघाली त्यांत आरपार दगड आणि भिंतीला बांधून धरणारे पट्टे यांवर भर होता, तो याच कारणानं. अजूनही गावाकडे कुणी गोट्यांची भिंत घालत असेल, तर ठरावीक अंतरावर आरपार दगड टाकायला सांगा. त्याला खर्च फारसा लागत नाही.

आता पाण्याकडे येतो. आणि त्या मुलाकडेही.

२०१६ चा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष. आपल्या जिल्ह्याचीही दशा वेगळी नव्हती. एका संध्याकाळी पस्तिशीचा एक शेतकरी घरी आला. पाया पडला आणि म्हणाला, "सर, वळखलं का? येडशीच्या घाटात थराचं इचारलं होतं, त्यो मी." मला लगेच आठवलं. न दिलेली उत्तरं शिक्षक विसरत नाही.

त्याची अडचण अशी होती. त्यानं आधी दोन बोअर घेतले होते, दोन्ही कोरडे. सहाशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. आता पाणाड्यानं नवी जागा दाखवली होती आणि बोअरच्या गाडीचा एजंट सांगत होता, की आठशे-हजार फुटांवर "पाताळातली नदी" आहे, दगड फोडून खाली गेलं की पाणीच पाणी. बायकोचे दागिने गहाण ठेवायचं ठरलं होतं. मला विचारायला आला होता तो एवढंच, "जाऊ का खाली?"

मी त्याला म्हणालो, "बस. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, मग तूच ठरव."

त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. वाळूनं भरलेल्या बादलीत पाणी ओता. ते कुठे जातं? वाळूच्या कणांमधल्या जागेत. साचून बनलेल्या गाळात अशी जागा जन्मापासून असते. पाणी तिथे साठतं, एका जागेतून दुसरीकडे सरकतं आणि पंप लावला की मिळतं. खानदेशात तापीकाठी आणि विदर्भात पूर्णेकाठी असा गाळ पुष्कळ खोलवर आहे, म्हणून तिथे खोल नलिका खणण्याला काही अर्थ असतो. बेसाल्टमध्ये कणांमधली जागाच नाही, कारण तो कणांनी साचलेला नाही, रस गोठून झालेला आहे. बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात, पण त्या बहुतेक सुट्या, एकमेकींना न जोडलेल्या किंवा खनिजांनी बुजलेल्या. मग पाणी राहतं कुठे? वरच्या कुजलेल्या मुरमात, त्याखालच्या अर्धवट झिजलेल्या मांजऱ्यात, भेगांत आणि दोन लोटांच्या सांध्यात. पुष्कळदा दोन लोटांच्या मध्ये लाल मातकट थर लागतो. तो बहुतेक चिकणमातीचा, पाणी खाली जाऊ न देणारा. जसजसं खोल जावं, तसतशा वरच्या ओझ्यानं भेगा मिटत जातात. कधीतरी एखाद्याला खोलवर मोठी भेग लागते, नाही असं नाही. पण ती लॉटरी आहे. तिच्यावर संसार लावता येत नाही.

भूजलाचा हिशेब करताना आपल्या देशात जी प्रमाणं धरली जातात, ती पाहिली की हे स्पष्ट होतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा पाण्यानं पूर्ण भिजलेला ठोकळा डोळ्यांपुढे आणा. तो नदीकाठच्या वाळूमिश्रित गाळाचा असेल, तर त्यातून १२० ते २०० लिटर पाणी निथळतं. झिजलेल्या, भेगाळलेल्या बेसाल्टचा असेल, तर १० ते ३० लिटर. आणि भरीव, फारशा भेगा नसलेल्या पाषाणाचा असेल, तर अवघं २ ते ५ लिटर. बोअरची गाडी चारशे फुटांच्या खाली ज्याला भोक पाडत असते, तो बहुधा हा शेवटचा ठोकळा.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर अर्धवट ज्ञानानं नवा गैरसमज व्हायचा. स्तरित खडक म्हणजे पाणीदार आणि अग्निज म्हणजे कोरडा, असं सरसकट नाही. शहाबादी फरशीचा चुनखडक स्तरितच आहे, पण त्याचे कण इतके बारीक आणि घट्ट चिकटलेले, की चुनखडकासाठी धरलेलं प्रमाणही भेगाळलेल्या बेसाल्टइतकंच, १० ते ३० लिटर आहे. तिथेही पाणी राहतं ते भेगांत आणि पाण्यानं चुना विरघळवून केलेल्या पोकळ्यांत. पाणी मोकळ्या गाळात असतं. गाळाचा दगड झाला की मधली जागा बुजते.

यावर तो शेतकरी म्हणाला, "पण सर, कधीतरी हा पाषाण संपत असंल की. त्याच्या खाली काय?"

पुन्हा बरोबर प्रश्न! आणि या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. बेसाल्ट ३३८ मीटरवर, म्हणजे अकराशे फुटांच्याही खाली जाऊन संपला. त्याच्या खाली काय सापडलं? अवघा ८ मीटर जाडीचा जुना गाळाचा थर. लाव्हा येण्याआधी इथली जमीन होती, तिच्यावरचा हा गाळ. आणि त्याच्या खाली थेट ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन, कठीण खडक. पाताळातली नदी कुठे नव्हती. तुझ्या शेताखाली नेमकं काय आहे ते तिथे छिद्र घेतल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही, पण हजार फुटांवर नदी आहे असं जो छातीठोक सांगतो, त्याच्यावर दागिने लावू नकोस, असं मी त्याला सांगितलं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमातही ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा जास्त खोलीच्या विहिरीला 'खोल विहीर' धरून तिच्यावर बंधन घातलेलं आहे. ही मर्यादा आपल्या खडकाचा स्वभाव पाहूनच आली आहे.

त्यानं बोअर घेतला नाही. त्याची चाळीस फुटांची जुनी विहीर होती, गाळानं भरलेली. तिचा गाळ काढला, मुरूम आणि पाषाण यांच्या सांध्यात आडवे बोअर मारले आणि वरच्या ओढ्यावर गावकऱ्यांनी मिळून माती-दगडाचे बांध घातले. पाऊस झाल्यावर विहिरीला पाणी आलं. ऊस होईल इतकं नाही. ज्वारी आणि हरभरा होईल इतकं. दागिने घरातच राहिले. तो सुखी झाला असं मी म्हणणार नाही. आणखी एका कर्जातून वाचला, एवढं नक्की.

मग आपल्या जिल्ह्यात मोकळा गाळ आहे तरी कुठे? नद्यांच्या काठी, थोडा थोडा. तेरणेच्या काठच्या तेरला जा. रोमन व्यापाऱ्यांना 'तगर' म्हणून माहीत असलेलं हे प्राचीन नगर. चहूकडे काळा पाषाण असताना इथली त्रिविक्रमाची आणि उत्तरेश्वराची प्राचीन देवळं विटांची आहेत. नदीनं आणून ठेवलेली माती हाताशी होती. संत गोरोबाकाकांचं गावही हेच. कुंभाराच्या चाकावर फिरणारी माती म्हणजे डोंगरातला बेसाल्टच. पावसानं कुजवलेला, ओढ्यानं दळलेला आणि नदीनं चाळून काठावर ठेवलेला. अग्निज खडकाचा गाळ होतो तो असा. नदीतली वाळूही त्याच कामाची. पावसाळ्यातलं पाणी तीच धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पुरवते. आपल्या जिल्ह्याला मिळालेली ही एवढीच बादली. ती वाळू ट्रॅक्टरनं उपसून नेतो, तेव्हा आपण नुसती वाळू विकत नाही, विहिरीची टाकीच विकतो.

२०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली आणि तलावांतला गाळ काढायला गावोगाव यंत्रं लागली. त्या शेतकऱ्यानं मला त्यांच्या तलावावर मुद्दाम बोलावलं. यंत्रानं कापलेल्या गाळाची भिंत उभी होती, माणसाच्या उंचीची. तिच्यात बोटाएवढे थर दिसत होते. पुराच्या पाण्याबरोबर आलेला जाडसर गाळ खाली, मग पाणी निवळताना बसलेला बारीक, मग पुन्हा जाडसर. पुरामागून पूर, पावसाळ्यामागून पावसाळा. त्यानं एका थरावर नख ओढलं. माती सुटून हातात आली.

"सर," तो म्हणाला, "ह्ये साचलेलं. आन् येडशीचं वतलेलं."

माझ्या नोकरीत मला मिळालेलं हे सगळ्यांत चांगलं उत्तर. दोन शब्दांत त्यानं अग्निज आणि स्तरित यांतला फरक सांगितला होता.

तुमच्या शेतात विहीर किंवा बोअर घ्यायची वेळ आली, तर "किती फुटांवर पाणी लागेल?" हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न हा विचारा : माझ्या जमिनीखालचा थर साचलेला आहे की ओतलेला, आणि तो कुजला आहे कुठवर? शेजारच्या चार विहिरींत वाकून पाहा. मुरूम कुठे संपतो, पाषाण कुठे सुरू होतो, ओल कोणत्या सांध्यातून पाझरते, हे कडेवर लिहिलेलं असतं. भूजल सर्वेक्षण विभागाच्या माणसाला बोलावलं, तर तो आधी तेच वाचतो. आपणही वाचायला शिकलं पाहिजे. दागिने गहाण पडण्याआधी.